चुकलेली हाक

भुताच्या सिनेमात एक आई आपल्या मेलेल्या मुलीला हाका मारते. त्या आईचं डबिंग मी करत होते. पडद्यावर तिचे ओठ हलले आणि मी माइकमध्ये ओरडले, "शालू, घरी ये गं!"

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट मोकाशींनी हात वर केला. "ताई, मुलीचं नाव गौरी आहे."

मी जीभ चावली. शालू माझी मुलगी. चार वर्षांची असताना तापानं गेली. त्यानंतर ते नाव मी कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"चुकलंच माझं. उडवा तो टेक."

उडवण्याआधी त्यांनी तो एकदा वाजवला. माझी हाक संपली आणि मागून उत्तर आलं, "आले गं आई."

मोकाशी माझ्याकडे बघतच राहिले. "आत तर तुम्ही एकट्याच होतात!"

मी हेडफोन कानांवर दाबले. पुन्हा ऐकलं, परत ऐकलं. घाबरावं की हरखून जावं, तेच कळेना. पण शालूचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. बोबडा, पातळ. हा तसा नव्हताच. मग माझ्या हाकेला 'आई' म्हणून ओ देणारी ही परकी पोर कोण? मला तिचा रागच आला.

"दहावी-अकरावीतली वाटते," मोकाशी म्हणाले. "ओळखीची आहे का कुणी?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

शालू यंदा दहावीत असती.