पाठमोरी खुर्ची

नात आमच्या गावच्या हॉकी संघाची गोलकीपर. गेल्या चार सामन्यांत तिच्यावर अकरा गोल झाले. लोक पोरीला नावं ठेवायला लागले, पण खरा दोषी कोण ते मला पक्कं ठाऊक होतं. तिला माझीच नजर लागत होती! मी बघितलं की गोल झालाच म्हणून समजा. चष्मा पुसायला मान खाली घातली की चेंडू हमखास अडवायची.

म्हणून आज सामना सुरू व्हायच्या आधीच मी खुर्ची फिरवली. मैदानाकडे पाठ केली, कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि अख्खा सामना समोरच्या भिंतीकडे बघत काढला. आजूबाजूचे हसले. हसोत बापडे! शेवटी कुणीतरी खांदा हलवून सांगितलं, आपण जिंकलो, आणि आपल्यावर एकही गोल नाही.

नात धावत आली. मी बोळे काढत ऐटीत म्हणालो, "मान आखडली, पण एकदाही वळून बघितलं नाही हं तुझ्याकडे!"



"माहितीये आजोबा. आज मला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं होतं. सगळा वेळ तुमची पाठच बघत होते."