मागे हो, आर्डिस
विजेची लहर पडद्यावर रेघेसारखी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपसाठी आखलेली माझी अ‍ॅम्प्लिफायर चिप टेबलावर उघडीच तपासावी लागायची. ती इतकी हळवी, की कुणी जवळ आलं तरी पडद्यावरची रेघ थरथरायची. आर्डिस रोज कॉफी घेऊन यायची. आमच्या कंपनीत चिपचे नकाशे लाल फिल्मवर सुरीने हाताने कापायचं काम तिचं; या चिपचाही तिनेच कापलेला. "मागे हो, आर्डिस," मी मान न वळवता म्हणायचो. "कापायला मी चालते, बघायला नाही होय रे?" म्हणत ती कप लांबच्या खिडकीत ठेवायची. पुढे आमच्या बीव्हर्टनच्या कंपनीत हे नकाशे संगणकावर निघू लागले. साहेबांनी विचारलं, "आर्डिसला कामावरून काढलं तर जमेल?" रेघेवरची नजर न काढता मी म्हणालो, "जमेल." चिप नीट चालते याची खूण म्हणजे रेघेचा काटकोनी कोपरा; आज तो पहिल्यांदाच हवा तसा आला. सवयीने तोंडातून निघालं, "मागे हो, आर्डिस." रेघ जराही हलली नाही. खिडकी रिकामी होती. मग मी माझाच हात चिपजवळ नेला, रेघ थरथरेपर्यंत.