एका हाताची आखणी

सकाळपासून मृणाली त्याच एका गणपतीसमोर बसली होती. अंगाचा रंग झाला होता, पितांबर झालं होतं, दागिने झाले होते. राहिले होते फक्त डोळे. पेणच्या या कारखान्यात डोळ्यांची आखणी चाळीस वर्षं तिच्या बाबांनी, मोरोपंतांनी केली. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. मोरोपंतांनी मुलीच्या हातात कुंचला दिला, "आजपासून आखणी तुझी" म्हणाले, आणि आत जेवायला गेले.

पंधरा वर्षं तिने साचे भरले, घासकाम केलं, रंग मारला. डोळ्यांना मात्र कधी हात लावला नाही. आता बारीक कुंचला हातात होता आणि त्याच्या टोकावरचा रंग वाळत आला होता.

"काय गो, माझा देव अजून आंधळाच?"

दारात अनिता उभी होती. शाळेत तिच्याच बाकावर बसणारी, खाडीकडच्या मिठागरवाल्यांची पोर. आता रोह्याजवळच्या अष्टमी गावात दिलेली. समोरचा गणपती तिचाच होता. महिन्यापूर्वी तिने घरचा पाट आणून दिला होता, त्यावरच तो बसला होता.

"मला नाही जमत, अनिता."

"ते मला नको सांगू. चित्रकलेचा तास आला की तुझ्या पोटात दुखायचं, ते मी बघितलंय." अनिताने फतकल मारली. "आणि रोह्याच्या क्लासला काय कळवू? सोमवारपासून शिकवायला बाई पायजे त्यांना. माझी पोरगी जाते ना तिथं, मीच छातीठोक सांगितलंय, गणिताला हिच्यासारखी दुसरी नाय."

"बाबांना अजून विचारलं नाही."

"तू छत्तीस वर्षांची हायस गो!"

मृणालीने भिंतीकडे पाहिलं. तिथे चौकटीत एक गणपती होता, शाळेच्या कागदावर रंगवलेला, तालुक्यात पहिला आलेला. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कु. मृणाली, आठवी अ'. चित्र अनिताने काढलं होतं. आठवीत दोघींचा सौदाच होता तसा. भूमितीचं नाव काढलं की अनिताला कापरं भरायचं, तेव्हा तिची प्रमेयं मृणालीने सोडवायची आणि मृणालीची चित्रं अनिताने काढायची. स्पर्धेचा कागदही त्याच सौद्यात गेला. बक्षीस मिळेल असं दोघींपैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढे मृणाली एम.एस्सी.साठी पुण्याला निघाली, तेव्हा मोरोपंतांनी त्या चौकटीकडे बोट दाखवलं. "असा हात देव सगळ्यांना देत नाही," म्हणाले. खरं सांगायचं तर कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून ती गप्प बसली. बॅग पुन्हा माळ्यावर गेली.

"आण इकडं," अनिता म्हणाली.

रांगोळीपलीकडे तिने किती वर्षांत काही काढलं नव्हतं. तिने पदर खोचला, श्वास रोखला, आणि उजवा डोळा एका दमात उतरवला. देव एकदम बघायलाच लागला. मृणालीला इतकं बरं वाटलं की ती आठवीतल्यासारखी हसली.

मागे पाणी पिऊन झाल्यावरचा खाकरा ऐकू आला. काळा चष्मा लावलेले मोरोपंत वाकून डोळा बघत होते.

मृणाली उठली. "बाबा, हा मी नाही काढला. आणि तेही." तिने चौकटीकडे हात केला. "ते हिचं आहे. मला चित्रकला कधीच येत नव्हती."

"माहीत आहे."

"काय?"

"खालचं नाव तुझ्या अक्षरातलं नव्हतं. तुझ्या वह्यांवर सही मीच करायचो ना?" त्यांनी पंच्याला हात पुसले. "चौकट करायला टाकली तेव्हाच कळलं होतं."

तिला वाटलं, आता रडू येईल. आला तो संताप. "मग... पुण्याच्या वेळी?"

"तू गेली असतीस तर परत आली नसतीस," मोरोपंत म्हणाले. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हणाले. मग अनिताकडे वळले. "दुसराही तूच काढ गो. दोन्ही डोळे एका हाताचे लागतात."

अनिताने मान खाली घालून दुसरा डोळा काढला. कुंचला धुतला. पदराला हात पुसत ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"क्लासला काय सांगू, मृणाली?"

मोरोपंतांनी आपलं स्टूल ओढून दारातच ठेवलं. इथे उजेड बरा येतो, म्हणाले, आणि बसले. अनिताला अंग चोरून बाहेर पडावं लागलं. बाहेर जाऊन ती तशीच उभी राहिली.

"पुढचा पाट घे," मोरोपंत म्हणाले. "चित्रकला येते हळूहळू. माणूस बसून राहिला पाहिजे."

मृणालीने फळ्यांवर नजर फिरवली. बेचाळीस गणपती. चौऱ्याऐंशी डोळे. गणितात ती कधी चुकत नसे.

तिने पुढचा पाट ओढला.