गावाची पंगत

"आमच्या गावात असलं काही नाही," अमृता म्हणाली आणि पुराव्यादाखल तिनं समीक्षाच्या खांद्यावर हात ठेवला.

लोणावळ्याच्या कॉलेजातला हा कट्टा पोरांनीच सुरू केलेला. शिक्षक नाहीत, गोल करून बसायचं, आडनाव सांगायचं नाही. आजचा विषय होता, 'मला न मागता काय मिळालं'. तो अमृतानंच काढलेला. ती एकदा बोलायला लागली की थांबत नाही; पण मन निर्मळ, म्हणून तिला कुणी थांबवतही नाही. दोघी मावळातल्या एकाच गावच्या, एका एसटीनं येणाऱ्या, एका डब्यात जेवणाऱ्या. अमृताच्या घरची जमीन पार ओढ्यापर्यंत आणि समीक्षाचं घर बौद्ध वस्तीत, हे आडनाव न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं.

वराळ्याच्या निलेशनं विचारलं, की डब्याचं ठीक आहे, पण गाव हिच्या घरी जेवतं का? अमृताला हा प्रश्न हवाच होता. समीक्षाच्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट तिनं रंगवून सांगितली. अख्खं गाव जेवलं. वस्तीत जागा पुरेना म्हणून गावाची पंगत शाळेच्या पटांगणात बसवली. तिचे वडील पहिल्याच पंगतीला. आणि मसालेभात असा झाला होता, की हात धुतल्याबरोबर ती पळत वस्तीतल्या मांडवात गेली आणि समीक्षाच्या आईला म्हणाली, मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे. तिथल्या बाया किती हसल्या होत्या.

"हसल्या ना गं?"

समीक्षा हसली नाही. "अमृता, तो भात आईनं केला नव्हता."

"मग आचाऱ्यानं केला असेल. तेच ते."

"श्रीपतीकाकांनी केला. तुमच्या भावकीतल्या." समीक्षाचा आवाज चढला नाही, पण बोली गावाकडे वळली. "दोन मांडव, दोन चुली. तांदूळ आमचा, हात तुमचा. पोती तिकडं उतरली की आबांनी त्यांना शिवायचं न्हाई. आमी रांधलेलं गाव खात न्हाई."

निलेशनं मान खाली घातली. अमृताचा हात समीक्षाच्या खांद्यावर तसाच राहिला. तो काढावा की ठेवावा, तिला कळेना. पटांगण तिच्या डोळ्यांपुढे आलं. समीक्षाचे वडील, भिमाजीआबा, पंगतीभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे हात जोडून उभे होते. वाढायला एकदाही आत आले नव्हते. लेकीच्या लग्नात माणूस दमतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

आता दचकायची पाळी समीक्षाची होती. इतकी वर्षं ती धरून चालली होती, की अमृताला सगळं ठाऊक आहे आणि ती मुद्दाम हा विषय काढत नाही.

"खरंच न्हाई ठाऊक? कढया तर तुझ्याच घरनं येतात."

येत्या रविवारी समीक्षाच्या भावाचं लग्न होतं. अमृतानं डोळे पुसले आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की रविवारी ती वस्तीतल्या मांडवात बसणार, मावशींच्या हातचंच जेवणार, घरचे काय म्हणतात ते बघून घेईल. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. समीक्षानं त्या थांबू दिल्या.

"तू आमच्यात बसलीस तर गाव पंगतीतनं उठंल," ती म्हणाली. "अन् आबांना त्याच गावात राहायचंय. तू तिकडंच जेव."

कट्टा आपोआप मोडला, पोरं सतरंजी गुंडाळायला लागली. समीक्षानं नेहमीसारखा दोघींचा डबा पिशवीत घातला, आणि जिन्यापाशी जाऊन मागे वळली.

"फक्त भाताचं कौतुक आईपाशी नको करू."