पांढरी जात

लाल स्ट्रॉबेऱ्या दरवर्षी पाखरं फस्त करायची, म्हणून माळीबुवांनी यंदा पिकूनही पांढरीच राहणारी जात लावली. पाखरं फसली. पण बाजारात गिऱ्हाइकंही फसली. "कच्च्या आहेत," म्हणत जो तो पुढे जाई.

शेवटी चिडून माळीबुवा स्वतःच पाटीतली एकेक स्ट्रॉबेरी तोंडात टाकत ओरडू लागले, "गोड आहे हो, गोड आहे!" बघायला बायकांची गर्दी जमली, पण घेईना कुणी.

एक बाई त्यांच्या बायकोच्या कानाशी लागली. "वहिनी, यांना डॉक्टरांना दाखवलंत का?"

कंटाळलेली बायको मोठ्यानंच म्हणाली, "दाखवलं ना. तेच म्हणाले, ह्याच स्ट्रॉबेऱ्या खायला घाला. पूर्वीपेक्षा बरेच शांत झालेत."

पाटी हातोहात रिकामी झाली. प्रत्येकीच्या घरी एक नवरा होता.