दहावं फूल

दहावं फूल उमललं तेव्हा कानिफनाथ बांधावर उकिडवा बसला होता. खात्रीसाठी त्याने सगळी पुन्हा एकदा मोजली.

बांधालगतच्या शंभर झाडांना त्याने तीन आठवड्यांपूर्वी सुतळी बांधून ठेवली होती. शंभरात दहा फुलली की लसूणघासाची पहिली कापणी करायची, हे त्याने राहुरीच्या एका शेतकरी मेळाव्यात ऐकलं होतं. त्याआधी विळा लावला की मुळं कच्ची राहतात आणि तीन वर्षं चालणारा घास वर्षातच म्हातारा होतो. तोवर आत कुणी पाय टाकायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. हुकूम घरच्यांना होता, कोंबड्यांना होता, आणि इतका कडक होता की पेरणीपासून गेले बासष्ट दिवस तो स्वतःही आत गेला नव्हता. पाणीसुद्धा बांधावरूनच सोडायचा.

"दहा!" तो ओरडला.

त्याची बायको भारती चहा घेऊन मागे उभी होती. रोज सकाळी ती यायची आणि विचारायची, "किती झाली?" तो सांगायचा, "सात." ती गंभीरपणे मान हलवायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एवढ्या आस्थेने तिने त्याला दुसरं काहीच विचारलं नव्हतं.

आज मात्र ती म्हणाली, "आजच कापायचं? अजून आठ दिस थांबा की. समदं सारखं व्हईल."

"आता काय सारखं व्हायचंय? बासष्ट दिस थांबलोय!"

शेजारच्या उसाच्या कडेला त्या उसाचा मालक अलीम उभा होता. नारळासाठी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तो म्हणाला, "कानिफभाऊ, आज नुसता नारळ फोडू. कापायचं मग बघू."

कानिफनाथला दोघांची कीव आली. धीर धरायला शिकवलं, तर ही माणसं थांबायचं नावच घेईनात.

घासाला हळदकुंकू वाहून तो दोन शब्द बोलला. हरणी गाय महिन्यापूर्वी व्याली. बासष्ट दिवस ती कोरड्या कडब्यावर राहिली, एक हिरवी काडी मागितली नाही, आणि तरी गेल्या तीन आठवड्यांत दूध दोन लिटरने वाढलं. जनावराला धीराची सवय लागली की दूध वाढतं, हा त्याचा शोध होता. डेअरीवर रोज दूध घालून झालं की तासभर तो हेच समजावून सांगायचा. एकाने तर ते मोबाईलवर रेकॉर्डही केलं होतं.

मग त्याने विळा घेतला. पहिली मूठ कापली. दुसरी कापली. वाकून चार पावलं आत गेला. पाचव्या पावलाला घास संपला.

म्हणजे होता, पण वीतभर. चारी बाजूंनी गुडघाभर उंच झालर आणि मध्ये कोवळं, नीट कापून पुन्हा फुटलेलं मैदान. पहिली कापणी होऊन गेली होती. हे दुसरीचं वाढत होतं. बांधावर उभं राहून पाहिलं असतं तर कदाचित दिसलं असतं. पण फुलं मोजायला खाली बसावं लागतं.

"डुकरं," तो म्हणाला.

"डुकरं विळ्यानं कापत न्हाईत, भाऊ," अलीम बोलून गेला आणि लगेच उसाकडे बघू लागला.

कानिफनाथ वळला. भारती कपातल्या चहाकडे बघत होती.

"कधीपासून?"

"तुमी सुतळी बांधली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुमी डेअरीवर गेला की."

"आन् आत कुठनं शिरलीस?"

अलीम म्हणाला, "म्या फकस्त ऊस लावलाय. वाट वहिनींनी पाडली."

"आरं, पर तुला ठावं हुतं!"

"भाऊ, रोज सकाळी माझ्या उसातनं घासाचा भारा चालत जायाचा. न दिसून कसं भागंल?"

कानिफनाथने पुन्हा बायकोकडे पाहिलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. "रोज इचारत हुतीस. किती झाली, किती झाली."

"मग? तुमी आत कधी येताल, ते कळाया नको?"

त्याच्या हातातला विळा खाली गेला.

"तुमी फुलं मोजत हुता," भारती म्हणाली, "मी वासराच्या बरगड्या मोजत हुते. त्या आधी दहा झाल्या."

कापलेला घास त्याने गोळा केला, पेंढी बांधली, नारळ उचलला आणि गोठ्याकडे चालू लागला. गाय तरी आपली आहे, असं त्याच्या चालण्यात दिसत होतं.

हरणीसमोर त्याने पेंढी ठेवली. बासष्ट दिवसांची पेंढी. तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. हरणीने घास हुंगला, मान वर केली आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघत उभी राहिली.

"खा की," तो म्हणाला.

ती बघत राहिली.

दाराशी बांगड्या वाजल्या. हरणीचे कान उभे राहिले. वासरूही उठलं; चांगलं गुबगुबीत होतं. भारतीने तीच पेंढी उचलली, सुतळी सोडली, घास दोनदा झटकला आणि तिथंच परत ठेवला. हरणीने तोंड घातलं.

कानिफनाथच्या हातात नारळ राहिला होता. तो कधी फोडायचा, हे अजून ठरायचं होतं.