कोटाची उजवी बाजू

“आजोबा, युद्धात तुम्ही किती माणसं मारलीत?”

विचारून झालं आणि नातीने जीभ चावली. पण मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि वादविवाद स्पर्धेत दोन शाळांना गप्प बसवल्यापासून ती कशालाच नाही म्हणत नव्हती.

आजोबांचा कंगवा थांबला नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत आजी बसली होती आणि ते तिचे केस विंचरत होते. मुळापासून नाही, टोकाकडून थोडे थोडे, म्हणजे ओढ बसत नाही.

“मैत्रिणींनी विचारायला लावलंय ना, भिंगरे? त्यांना सांग, मी ट्रक चालवायचो. जाताना पोती, येताना जखमी. मागून ओरडायचे, हळू चालव, हळू चालव. हळू चालवलं की वाटेत जायचे. जोरात चालवलं की खड्ड्यांनी जायचे. आता आकडा काय सांगायचा, ते तूच ठरव.”

दोन शाळांना गप्प बसवणारी पोरगी गप्प बसली.

“बाबा, आटपा ना. सव्वानऊ झाले.” वडील दारात उभे होते. आज गावातल्या जुन्या सैनिकांचा सत्कार होता, त्यात आजोबा सगळ्यांत मोठे. साडेनऊला गाडी येणार होती. वडिलांनी सकाळपासून तिसऱ्यांदा भांग पाडला होता, कारण त्यांचे साहेब पहिल्या रांगेत बसणार होते.

“हिचं खाणं राहिलंय,” आजोबा म्हणाले.

“ही भरवेल की.” वडिलांनी लेकीकडे बोट केलं.

“भरवते! त्यात काय एवढं?” तिने दुधात भिजवलेल्या पावाची वाटी उचलली, चमचा भरला आणि अगदी आजोबांसारखं म्हणाली, “चला, गाडी सुटतेय, चढा पटापट!”

आजीने ओठ घट्ट मिटले. दूध हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून धुतलेल्या कपड्यांवर. आजोबांनी वाटी काढून घेतली, चमचा आजीच्या खालच्या ओठाला नुसता टेकवला. “चला, गाडी सुटतेय.” तोंड उघडलं. दोन वर्षं झाली, आजीला कुणाचं नाव आठवत नव्हतं, त्यांचंही नाही. हात तेवढा ओळखायची.

“गेल्या वर्षी आत्या बसली होती हिच्याजवळ,” आजोबा पुढचा चमचा भरत म्हणाले. “दुपारी परत आलो तर सकाळची गोळी हिच्या मुठीत विरघळलेली. पोटात काही नाही.”

“चारच तासांचा तर प्रश्न आहे, बाबा.” वडिलांचा आवाज खाली आला. “लहानपणी तुम्ही सुट्टीवर यायचात आणि झोपून असायचात. कसे आहात, काय करता, मला काही कळायचंच नाही. वर्षातून एकदा चार लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, तेवढं तरी ऐकू द्या ना.”

“येतो म्हटलं ना. मी कधी नाही म्हटलंय?”

आजीचं तोंड पुसून ते पलंगाच्या कडेवर बसले. आई कोट घेऊन आली. आजोबा आटले तसा कोट मोठा झाला होता. आईने दोन्ही बाजूंनी आत घेतला होता आणि तीन पदकं पहाटेपासून बसून पक्की शिवून टाकली होती. आजोबांनी एक हात बाहीत घातला, खाली बघितलं आणि थांबले.

“उजवीकडे लावलीस.”

“मग? कोट समोर टांगून लावली, माझ्या डाव्या हाताला. कोटाला काय कळतंय!”

“आमच्या फौजेत स्वतःची डावीकडे असतात. उजवीकडे मेलेल्याची. ती घरच्यांनी घालायची.”

“अगंबाई!” आईचा चेहरा पडला. “द्या, द्या इकडे. आत्ता उसवते.”

“राहू दे.” एक बाही घातलेली, एक लोंबकळती, तसेच ते बसून राहिले. “क्षणभर बरं वाटलं गं. म्हटलं, सुटलो एकदाचा. आता घरचे जातील, आपण बसू हिच्यापाशी.”

ते हसले. त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही. वडील उगाचच शर्टाच्या बाहीचं बटण चाचपत राहिले.

बाहेर हॉर्न वाजला. लगेच दुसऱ्यांदा.

आजोबा उठायला लागले. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा पलंगाच्या कठड्यावर, मग तोंडातल्या तोंडात “हं”. त्यांना कुणी रागावलं नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. गाडी आली की निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जोरही लावावा लागला नाही. ते परत खाली बसले, इतके हलके झाले होते. तिने हळूच बाही सोडवली, कोट आईच्या हातात दिला आणि आईवडिलांकडे वळली. आवाज स्पर्धेतला लागला होता.

“आजोबा येणार नाहीत. मी चाललेय. स्टेजवर त्यांच्या खुर्चीत मी बसणार, नाव पुकारलं की मी उठणार. बाबा, तुम्ही साहेबांच्या शेजारी बसा. मी चांगलंच बोलणार आहे त्यांच्याबद्दल, नीट ऐका.”

वडिलांनी बाहीचं बटण सोडून दिलं. आजीने खुर्चीतून हात पुढे केला. आजोबांनी तो धरला.

“आणि ते का आले नाहीत, असं कुणी विचारलं तर?” आईने विचारलं.

ती चपला घालत होती.

“तर सांगेन, ड्यूटीवर आहेत.”